भातखाचरांतील शेवाळ आणि त्याचा अदृश्य वैरी

श्रावणांत जव्हारहून मोखाड्याकडे जाणाऱ्या वाटेनें गेलें असतां डोंगरउतारावरील वरकस जमिनींत नागली-वरई आणि खालच्या सखल जागीं बांध घातलेलीं भाताचीं खाचरें दृष्टीस पडतात. आवणी होऊन दोन-तीन आठवडे लोटलेल्या अशा एखाद्या खाचरापाशीं थांबून निरखून पाहिलें, तर रोपांच्या बुंध्यांशीं निळसर हिरवी, हाताला बुळबुळीत लागणारी साय तरंगतांना आढळते. शहरांतून आलेला मनुष्य ती पाहून नाक मुरडतो; पाणी कुजलें आहे, असें त्यास वाटतें. परंतु ही साय त्या भाताला अन्न पुरविणाऱ्यांपैकीं एक आहे.

या मुलखांत पाऊस मुसळधार. उतारावरची माती तो धुऊन नेतो आणि तिच्याबरोबर विरघळलेलें नत्रहि नेतो. शेतकरी रोपांसाठीं पालापाचोळा, शेण आणि झाडांच्या डहाळ्या पसरून राब भाजतो. राबाच्या राखेंत पालाश राहतें, तणांचें बीं जळतें, हा फायदा खराच. परंतु पाल्यांतील नत्राचा मोठा भाग धुराबरोबर निघून जातो. अशा जमिनीला नत्राची भूक सदैव असावी यांत नवल नाहीं. वास्तविक हवेंत शेंकडा ७८ भाग नत्रवायूच आहे. पण वनस्पतींना तो तशा रूपांत पचत नाहीं. कोठार भरलेलें आणि किल्ली मात्र दुसऱ्याच्या हातीं, असा हा प्रकार आहे.

ती किल्ली ज्या थोड्या सूक्ष्म जीवांजवळ आहे, त्यांत नॉस्टॉक, ॲनाबिना, ऑलोसिरा या निळ्याहिरव्या शेवाळांची गणना होते. रूढीनें त्यांस शेवाळ म्हणावयाचें; शास्त्रदृष्ट्या तीं जंतूंच्या गोत्रांतील आहेत. भारतांतील भातशेतांना नत्र पुरविण्यांत यांचा हात आहे, हें पी. के. डे यांनीं १९३९ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत दाखवून दिलें. मुंबईकडे एला गोन्साल्विस यांनीं एका सहकाऱ्यासह भातजमिनींतील शेवाळांचीं निरीक्षणें १९४९ मध्यें प्रसिद्ध केलीं. पुढें काशीस रामनगीना सिंह यांनीं आणि दिल्लीस वेंकटरामन यांनीं हा विषय शेतापर्यंत नेला. शेवाळ चांगलें माजलें तर एका हंगामांत हेक्टरी २० ते ३० किलो नत्र मिळूं शकतें, असा सामान्यतः अंदाज करतात. ४५ किलोच्या युरियाच्या गोणींत नत्र सुमारें २१ किलो असतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या फुकटच्या मदतीचें मोल मोखाड्याच्या शेतकऱ्याला काय असेल, तें निराळें सांगावयास नको.

हें काम शेवाळ करतें तरी कसें? नत्र बांधणारें त्याचें किण्व प्राणवायूचा स्पर्श होतांच निकामी होतें. आणि शेवाळ तर सूर्यप्रकाशांत स्वतःच प्राणवायु सोडीत असतें. या पेंचांतून सुटण्यासाठीं त्यानें श्रमविभाग केला आहे. मण्यांच्या माळेसारख्या त्याच्या तंतूंत दहा-वीस साध्या पेशींमागें एक जाड कवचाची पेशी असते. ती प्राणवायु निर्माण करीत नाहीं, बाहेरचाहि आंत फारसा येऊं देत नाहीं, आणि बंद दाराआड नत्र बांधण्याचें काम करते. शेजारच्या पेशी तिला साखर पुरवितात. ती त्यांना नत्रयुक्त द्रव्य देते. सारांश, या व्यवहाराची भिस्त आवरणांवर आहे. पुढील हकीकतींतहि आवरणालाच महत्त्व आहे, म्हणून हें लक्षांत ठेवावें.

अशा उपयुक्त जीवालाहि रोग होतो. अमेरिकेंत सॅफरमन व मॉरिस यांनीं १९६३ मध्यें सांडपाण्याच्या एका तळ्यांतून निळ्याहिरव्या शेवाळाचा विषाणु प्रथम वेगळा केला. तेथें शेवाळ म्हणजे पाणी बिघडविणारी पीडा. तेव्हां हा विषाणु तिच्यावरचा उतारा ठरेल, अशी आशा उत्पन्न झाली. भारतांत रामनगीना सिंह व पी. के. सिंह यांनीं असे विषाणु मिळविल्याचें १९६७ मध्यें ‘नेचर’मध्यें प्रसिद्ध केलें. येथें प्रश्न नेमका उलट होता. ज्याला तिकडे मारावयाचें, त्यालाच इकडे जगवावयाचें! १९७१ मध्यें ॲडॉल्फ व हॅसेलकॉर्न यांनीं नत्र बांधणाऱ्या नॉस्टॉकवरच पोसणारा ‘एन-१’ नांवाचा विषाणु वर्णिला, आणि मग ही चिंता केवळ तर्काची राहिली नाहीं.

विषाणु सूक्ष्मदर्शकाच्या साध्या भिंगांतून दिसत नाहीं. तो पेशीच्या पृष्ठभागावर आपल्या ओळखीची खूण शोधतो, तेथें शेपटीनें चिकटतो आणि आपला वंशसूत्राचा धागा आंत सोडतो. त्यानंतर पेशी स्वतःचें काम सोडून त्याचीच पिलावळ घडवूं लागते व शेवटीं फुटते. बाहेर पडलेले विषाणु शेजारच्या पेशींवर तुटून पडतात. प्रयोगशाळेंतील हिरवीगार कुपी अशा वेळीं पिवळी पडते आणि पाणी निवळतें.

तथापि सर्वच शेवाळ मरत नाहीं. कांहीं पेशी तगतात, आणि त्या कशा तगतात हाच या विषयांतील मनोरम भाग होय. ॲनाबिनाच्या कांहीं जातींजवळ परकीय वंशसूत्र ठराविक जागीं कापणाऱ्या कात्र्या असतात. स्वतःच्या सूत्रावर त्या जागीं आधींच खूण केलेली असल्यामुळें तें सुरक्षित राहतें. पण एखादा विषाणु त्यांतून निसटला, तर त्याच्या पिलांवरहि यजमानाचीच खूण उमटते, आणि तीं पुढें बिनदिक्कत आंत शिरतात. चोरानें घरचाच शिक्का मिळवावा, तसें हें आहे. दुसरें साधन क्रिस्पर या नांवानें हल्लीं सर्वतोमुखीं झालें आहे. त्यांत पूर्वीं येऊन गेलेल्या शत्रूच्या सूत्राचे तुकडे पेशी जपून ठेवते व तोच शत्रु पुन्हा आल्यास ओळखते. मौजेची गोष्ट अशी कीं, २०१६ मध्यें कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांना ही नोंदवही खुद्द एन-१ विषाणूच्याच सूत्रांत सांपडली. आपण बळकावलेल्या पेशींत दुसरा प्रतिस्पर्धी विषाणु शिरूं नये, यासाठीं तिचा उपयोग होत असावा.

सर्वांत सोपी युक्ति मात्र निराळीच आहे: विषाणु जी खूण शोधतो, ती खूणच पुसून टाकावयाची. पेशीच्या बाह्य आवरणावर शर्करेच्या साखळ्या असतात. वंशसूत्रांत एखादी चूक होऊन त्या अपुऱ्या राहिल्या, कीं विषाणूला चिकटण्यास जागा उरत नाहीं. अशी पेशी वांचते, वाढते, आणि लवकरच सारी कुपी तिच्या संततीनें भरते. हें पाहून कोणासहि वाटेल कीं, उपाय हातीं लागला. हेंच दणकट शेवाळ वाढवून खाचरांत सोडावें.

येथेंच घात आहे. मिशिगन स्टेट विद्यापीठांत पीटर वोल्क व त्यांचे सहकारी यांनीं ॲनाबिनाच्या अशाच विषाणूला न जुमानणाऱ्या वाणांचा छडा लावला व १९९७ मध्यें त्याची हकीकत प्रसिद्ध केली. त्या वाणांच्या आवरणांतील शर्करेच्या साखळ्या बिघडल्या होत्या, हें अपेक्षितच होतें. पण त्याबरोबर प्राणवायु असतांना नत्र बांधण्याचें त्यांचें सामर्थ्यहि गेलें होतें. जें आवरण विषाणूला वाट दाखवीत होतें, त्याच्यावरच नत्राचें कामहि अवलंबून होतें. नत्रक्षार घातलेल्या पाण्यांत असें शेवाळ हिरवेंगार वाढतें, म्हणून डोळ्यांना फसवितें. शेतांत मात्र तें पाहुण्यासारखें जेवून जाईल, भाताला कांहीं देणार नाहीं. अर्थात् प्रत्येक प्रतिकाराची किंमत इतकी जबर नसते; कात्री बाळगणाऱ्या ॲनाबिनाच्या जाती नत्र उत्तम बांधतात. म्हणून प्रतिकारक्षम वाण निवडणाऱ्यानें तो वांचला एवढ्यावर न थांबतां, नत्रक्षार नसलेल्या पाण्यांत आणि मोकळ्या हवेंत वाढवून त्याची परीक्षा घेतली पाहिजे.

शेवाळखत तयार करण्याची रीत घरगुती आहे. उथळ खड्ड्यांत किंवा पत्र्याच्या तबकांत माती, पाणी व थोडें सुपरफॉस्फेट घालून वर विरजणासारखें मूळ शेवाळ सोडतात. जाड साय धरली म्हणजे पाणी आटूं देऊन उन्हांत वाळलेल्या खपल्या गोळा करतात, आणि आवणीनंतर सुमारें आठवड्यानें हेक्टरी १० किलो या प्रमाणांत उभ्या पाण्यांत फेंकतात. मूळ शेवाळ एकाच जातीचें न घेतां अनेक जातींचें मिश्रण घेण्याची चाल आहे, ती विषाणूच्या दृष्टीनेंहि शहाणपणाची. एन-१ सारखा विषाणु ठराविक जातींवरच चालतो. एक जात पडली तरी तिची जागा दुसरी घेते. मात्र त्याच खड्ड्यांतील खपल्या वर्षानुवर्षें विरजण म्हणून वापरल्या, तर मिश्रण हळूहळू एकसुरी होण्याचा आणि रोग घर करून बसण्याचा संभव वाढतो. ज्या खड्ड्याची साय ऐन बहरांत एकाएकीं पिवळी पडून विरघळली, त्यांतील माती पुढच्या खड्ड्यांत घालूं नये. नवें विरजण आणून नव्या जागीं सुरुवात करावी.