वाळवंटातल्या देशात समुद्रावर जायचं, पण कोणत्या?

रत्नागिरी-रायगडच्या गावांतून आखातात कामाला जाणं जुनं आहे. आता देशावरचीही मुलं, जावई तिकडे आहेत. कधीतरी फोन येतो, "आई, तिकीट काढतोय, महिनाभर ये." तिथं पोचल्यावर पहिल्या सुट्टीला तो विचारतो, "कुठल्या समुद्रावर जाऊया?" आणि आपण सगळ्याजणी ठरलेलं उत्तर देतो, "तू नेशील तिथं." आज आम्ही त्याबद्दलच बोलणार आहोत, कारण किनारा निवडताना चार गोष्टी विचारल्या नाहीत तर मजेचा दिवस जिवावर येऊ शकतो. उदाहरणाला आपण ओमान देश घेऊ.

ओमान म्हणजे मुंबईहून विमानानं तीन तासांच्या आतबाहेरचं अंतर. देशाचा बहुतेक भाग वाळवंट आणि उघडे डोंगर. बारमाही नदी एकही नाही. पण समुद्रकिनारा तीन हजार किलोमीटरहून जास्त, आपल्या कोकणच्या कितीतरी पट. तिथलं पाणी पाहून आपल्याला नवल वाटतं, तळ दिसेल इतकं ते नितळ असतं. आपल्याकडे सावित्री, वाशिष्ठी या नद्या डोंगराची माती वाहून समुद्रात आणतात, म्हणून पाणी गढूळ. तिथं माती आणायला नदीच नाही. पण नितळ पाणी फसवं असतं, बरं का. तळ दिसतो म्हणून उथळ वाटतं, आणि दुसऱ्याच पावलाला पाणी छातीला लागतं.

पहिला प्रश्न महिन्याचा. ओमानच्या उत्तरेला, म्हणजे राजधानी मस्कतच्या बाजूला, ओमानचं आखात आहे. दक्षिणेला सलालाहच्या बाजूला थेट आपलाच अरबी समुद्र. आपल्याकडे मृगाचा पाऊस आणणारा नैर्ऋत्येचा वारा आधी त्या दक्षिण किनाऱ्याला घासून येतो. तो वरचं कोमट पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलतो आणि खालचं थंडगार पाणी वर येतं. त्या थंड पाण्यावरून दमट हवा गेली की धुकं होतं, आणि जून अखेर ते सप्टेंबर सलालाहचे डोंगर भुरभुर पावसात हिरवेगार होतात. या ऋतूला तिथं 'खरीफ' म्हणतात. शब्द अरबीच, आपण पिकाला लावला. नारळी, केळी, रस्त्याकडेला शहाळी विकणारे, हे पाहून कोकणातली बाई म्हणेल, मी घरीच आले की काय!

पण याच दिवसांत तिथला समुद्र खवळलेला असतो. आपल्याकडे नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या बाहेर काढत नाहीत, तेच कारण. सलालाहजवळ मुघसैल नावाचा किनारा आहे. तिथं कड्याच्या खडकाला भोकं आहेत, खालून लाट आपटली की त्यातून पाण्याचे फवारे उडतात. बघायला गर्दी होते. २०२२ च्या जुलैत तिथं कठडा ओलांडून पुढे गेलेल्या काही जणांना लाटेनं ओढून नेलं. त्यांत मूळची महाराष्ट्रातली माणसंही होती. तेव्हा खरिफात सलालाहला जरूर जावं, डोंगर बघावेत, समुद्र मात्र कठड्याच्या आतूनच बघावा. नातवंडाचा हात सोडून फोटो काढायचा नाही. पोरं ऐकत नसतील तर आजीनं तिथं आवाज चढवावा, आमचं तरी हेच मत आहे.

मस्कतच्या बाजूला पावसाळी लाटा एवढ्या येत नाहीत, पण तिथं ऊन मारतं. मे-जूनमध्ये पारा चाळिशीच्या वर. तिथलं सरकार जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावरचं मजुरीचं कामच बंद ठेवतं, यावरून समजून घ्या. त्या दिवसांत समुद्रावर जायचं तर पहाटे, नाहीतर दिवेलागणीला. खरा चांगला काळ नोव्हेंबर ते मार्च. वादळाचा इशारा असेल तर कुठल्याच किनाऱ्याकडे फिरकू नका. २००७ च्या जूनमध्ये आलेल्या गोनू वादळानं मस्कतचे रस्ते पाण्याखाली घातले होते.

आता दुसरा प्रश्न, जो आपण तोंडानं विचारत नाही: तिथं बायकांसाठी मोरी-संडासाची सोय आहे का? सोय नाही म्हणून आपण सकाळपासून पाणीच पीत नाही, ही सवय आपल्याला एसटीच्या प्रवासानं लावलेली आहे. वाळवंटातल्या उन्हात ही सवय घातक आहे. चक्कर येते, लघवीला जळजळ होते, आणि परदेशात दवाखान्याचा खर्च मुलाच्या पगाराला झेपेलच असं नाही. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून घ्या. म्हणून पोराला सरळ विचारा. मस्कत शहरात कुरुमचा किनारा आहे, लांबलचक, सपाट वाळूचा. जवळ बाग आहे, खाण्यापिण्याची ठिकाणं आहेत. संध्याकाळी पोरं तिथं फुटबॉल खेळतात, घरोघरची माणसं चटया टाकून बसतात. पहिल्यांदा जाणारीला आम्ही हाच सुचवू. शहराबाहेर फिन्स नावाच्या गावाकडे पांढऱ्या वाळूचे सुंदर किनारे आहेत, पण तिथं सावली नाही आणि आडोसाही नाही. तिथं जायचं तर तंबू किंवा मोठी छत्री, आणि माणशी चार-पाच लिटर पाणी गाडीत हवं.

कपड्यांचं म्हणाल तर आपली चिंता तिथं कमीच. मुसलमानी देश आहे. सार्वजनिक किनाऱ्यावर खांदे-गुडघे झाकलेले असावेत एवढीच अपेक्षा असते, आणि तिथल्या बायका अंगभर कपड्यांतच पाण्यात पाय घालतात. पण भिजलेली साडी पायांत गुंडाळते आणि जड होते, त्यापेक्षा लेगिंग आणि कुडता बरा. ओढणी गाडीत ठेवा. तिथल्या बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. रमजान असेल तर दिवसा उघड्यावर खाऊपिऊ नये. गर्दी नको असेल तर शुक्रवार-शनिवार टाळा, तिथली साप्ताहिक सुट्टी तेव्हा असते.

पाणी ओळखायचं ज्ञान मात्र इथून नेता येतं. चंद्र तिथंही तोच, तेव्हा अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण तिथंही. लाटा फुटत असताना मध्येच एक पट्टा शांत आणि गडद दिसला तर तिथं उतरू नका. ती आत ओढणारी वाट असते. सापडलंच कोणी तर किनाऱ्याकडे झटापट न करता किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचं. वाचवायला आपण उडी मारायची नाही. रिकामा कॅन, दोरी, हाताला येईल ते फेकायचं आणि ९९९९ या नंबरवर फोन करायचा, तो तिथला पोलिसांचा आणीबाणीचा नंबर आहे. पाणी लालसर किंवा हिरवट दिसलं, वास आला, मासे मरून पडलेले दिसले, तर त्या दिवशी पाय घालू नका. शेवाळ माजल्यावर तसं होतं.

एक किनारा मात्र पोहण्यासाठी नाही, बघण्यासाठी आहे. पूर्वेच्या टोकाला, मस्कतहून तीन तासांच्या आसपास, रास अल जिन्झ. १९९६ पासून हा भाग कासवांसाठी राखीव आहे. वेळासला ऑलिव्ह रिडले कासवं थंडीत अंडी घालायला येतात, ते आपल्यापैकी काहींनी पाहिलंय. इथं येतात ती हिरवी कासवं, खूप मोठी. ती वर्षभर येतात, पण उन्हाळ्यात सगळ्यात जास्त. रात्री किंवा पहाटे वाटाड्याबरोबरच जाता येतं, तेही आधी नाव नोंदवून. बॅटरी लावायची नाही, मोबाईलचा फ्लॅश नाही, बोलायचंही हळू. उजेडानं कासवी बिचकते आणि अंडी न घालताच पाण्यात परत फिरते. वाळूतून बराच वेळ चालावं लागतं, तेव्हा गुडघे दुखणारीनं आधी अंतर विचारून घ्यावं, आणि चपलेऐवजी पट्ट्याची सँडल घालावी.