पगारादिवशी थोडी घेतली तर?

रक्तदान शिबिर झालं की काही दिवसांनी एखाद्या दात्याला रक्तपेढीचा निरोप येतो आणि तो धास्तावून आमच्याकडे येतो. रक्तात ‘कावीळ बी’ किंवा ‘सी’ निघालेली असते. मी सोलापुरात समुपदेशक आहे. घरी लागण होईल का, हे विचारून झालं की आवाज खाली येतो, “मॅडम, पगारादिवशी थोडी घेतली तर चालतंय का?”

नाही चालत. दारू मुख्यतः यकृतातच मोडते आणि मोडताना अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य तयार होतं. त्यानं पेशी सुजतात, मरतात. बी आणि सीचे विषाणूही तिथंच ठाण मांडून वर्षानुवर्षं सूज धरून ठेवतात. प्रत्येक जखम भरताना यकृतात चिवट तंतू साठतात. दोन्हीकडून मारा झाला की ते लवकर वाढतात, यकृत कडक आणि गाठाळ होतं. हाच सिरॉसिस. पुढं कॅन्सरचाही धोका वाढतो.

“पण मला काहीच त्रास नाही,” असं बरेच जण म्हणतात. यकृत बरंच बिघडेपर्यंत गप्प असतं. पोटात पाणी होणं, रक्ताची उलटी ही उशिराची लक्षणं.

कुणी अभिमानानं सांगतं, “हातभट्टी सोडली, आता फक्त बिअर.” सोलापूरजवळच्या मुळेगाव तांड्यासारख्या वस्त्यांतली हातभट्टी बंद व्हावी म्हणून सोलापूर ग्रामीण पोलिसांनी 2021 मध्ये ‘ऑपरेशन परिवर्तन’ हाती घेतलं. हातभट्टी सुटली की विषारी दारूचा धोका टळतो. पण व्हिस्कीच्या क्वार्टरमध्ये सुमारे 60 ग्रॅम अल्कोहोल असतं, तर स्ट्राँग बिअरच्या मोठ्या बाटलीत 40. यकृत लेबल वाचत नाही.

उपचार आहेत. 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. सीच्या गोळ्या बहुतेकांना 12 आठवडे घ्याव्या लागतात. शंभरातले पंचाण्णवहून जास्त बरे होतात. बी सहसा मुळासकट जात नाही, गोळ्यांनी काबूत राहते. घरच्यांनी तपासून बीची लस घ्यावी.

दारू सुटली नाही म्हणून लाजेनं गोळ्या बंद करू नका. रोज पिणाऱ्यानं एकदम, आपल्या मनानं सोडूही नये. हात थरथरतात, फिट येऊ शकते. किती पिता ते डॉक्टरांना खरं सांगा. निम्मं सांगितलंत, तर उपचारही त्याच हिशेबानं होतील.