मुकादम उचल देतो, एजंट उचल घेतो

दसरा झाला की शिरूर, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी भागातल्या वस्त्यांवर म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं तेवढी उरतात. बाकीचे कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. कामासाठी गाव सोडणं बीड जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. मात्र याच घरांतली काही पोरं आता साखर कारखान्याऐवजी सौदी, दुबई, कतारचं नाव काढतात. आयटीआय झालेला वायरमन असो, जेसीबीवरचा ऑपरेटर असो की नुसता हेल्पर, 'बाहेर जायचं' हे पारावर ऐकू येतं. जाण्यात वाईट काही नाही. पण या कामाचा व्यवहार आपल्या ओळखीच्या व्यवहारापेक्षा उलटा आहे, आणि माणूस फसतो तो तिथेच.

ऊसतोडीत मुकादम आधी उचल देतो, मग ट्रकात बसवतो. परदेशाच्या कामात एजंट आधी पैसे घेतो, मग विमानात बसवतो. कधी कधी बसवतच नाही. उचल फिटली नाही तर मजूर मुकादमाला बांधला जातो. इथे तो बांधला जातो सावकाराला, आणि तारण म्हणून गावातलं रान किंवा बायकोच्या अंगावरचं सोनं आधीच गेलेलं असतं.

हिशोब करून पाहा. एजंटाने दीड लाख मागितले आणि ते शेकडा तीन रुपये महिन्याने उचलले, तर सुरुवातीला दरमहा साडेचार हजार नुसतं व्याज. तिकडचा पगार पंचवीस हजार धरा. खाणं, फोन, किरकोळ खर्च सात हजार. उरलेले अठरा हजार दर महिन्याला सावकाराच्या हातावर ठेवले तरी कर्ज फिटायला दहा महिने लागतात. करार दोन वर्षांचा असेल, तर त्यातले दहा महिने सावकाराचे. घरी त्या काळात एक रुपया येत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते. परदेशी नोकरीसाठी माणसं भरती करणाऱ्या एजंटाकडे १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखालचं, परराष्ट्र मंत्रालयाचं नोंदणीपत्र लागतं. असा नोंदणीकृत एजंट उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ३५,४०० रुपये घेऊ शकतो. तेही पावती देऊन. वरच्याच हिशोबाने हे पैसे दोन-सव्वादोन महिन्यांत फिटतात. विमानाचं तिकीट आणि व्हिसाचा खर्च कोणाच्या अंगावर, हे करारात लिहिलेलं असावं. तोंडी बोलण्याला किंमत नाही.

खरी मेख पुढेच आहे. गावात येतो तो एजंट नसतोच. तो एजंटाचा माणूस, त्या माणसाचा पाहुणा, नाहीतर पूर्वी दुबईला राहून आलेला कोणी ओळखीचा. नोंदणी दुसऱ्याच्या नावावर, पैसे याच्या फोनवर. कायद्यात अशा पोटएजंटाला जागा नाही. मंत्रालयाच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे आणि कोणाची नोंदणी रद्द झाली तेही दिसतं. गावातल्या शिकलेल्या पोराला दहा मिनिटं बसवलं तरी काम होतं. सोयरीक जमवताना आपण दहा ठिकाणी चौकशी करतो. दीड लाखाच्या माणसाची का करू नये?

पासपोर्टचंही समजून घ्या. दहावी पास नसलेल्याचा पासपोर्ट साधारणपणे 'ईसीआर' म्हणून निघतो. अशा माणसाला सौदी, संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत, ओमान, बहरीन, मलेशिया अशा १८ देशांत कामाला जाताना सरकारची मंजुरी लागते. हे काम उत्प्रवासी संरक्षकाच्या कार्यालयाकडे असतं. मुंबईत ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात आहे. पुष्कळांना ही मंजुरी म्हणजे सरकारी कटकट वाटते. पण ती घेताना मालकाचं नाव, पगार, कामाचा करार सगळं सरकारदरबारी चढतं आणि पुढे भांडायची वेळ आली की तोच कागद उपयोगी पडतो. याच वेळी प्रवासी भारतीय विमाही निघतो. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास संरक्षण दहा लाखांचं. पोरगा दहावी पास असेल तर अर्जासोबत दहावीचं प्रमाणपत्र लावावं, म्हणजे मंजुरीची अट राहत नाही. बाईमाणसाबाबत नियम अधिक कडक आहे. ईसीआर पासपोर्टवर तीस वर्षांखालील बाईला या देशांत घरकामाला जाण्याची मंजुरी मिळत नाही.

ही मंजुरी चुकवण्यासाठीच 'आधी फिरायच्या व्हिसावर जा, तिथं गेल्यावर कामाचा करून देतो' असं सांगितलं जातं. फिरायच्या व्हिसावर काम करणं तिथे गुन्हा आहे. मुदत संपली की दंड चढतो, पगार बुडाला तरी तक्रार करता येत नाही, कारण तक्रार करणाराच बेकायदेशीर ठरतो. थायलंडला कॉम्प्युटरवर काम आहे म्हणून नेलेली मुलं म्यानमारच्या हद्दीत सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबली गेली. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी अशा पाचशेहून अधिक भारतीयांना परत आणावं लागलं. त्यात शिकलेली पोरंही होती.

आणि रीतसर गेलेल्याचंही सगळं सुखाचं असतं असं नाही. १२ जून २०२४ रोजी कुवेतमधील मंगाफ येथे कामगारांच्या इमारतीला पहाटे आग लागली. त्यात ४५ भारतीय गेले. राहायची जागा कशी, एका खोलीत किती माणसं, हे आधी गेलेल्यांना विचारायला लाज वाटू नये.

सरकारी वाटाही आहेत, पण त्यांना वेळ लागतो. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, दहा हजार तरुणांचा आकडा जाहीर झाला. तिकडे जायचं तर आधी जर्मन भाषा शिकावी लागते, आणि ती पंधरा दिवसांत येत नाही. 'भाषेची गरज नाही, थेट जर्मनी' म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावावं.

ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) आणि पोलीस पाटलांसाठी दोन शब्द. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, जन्मतारीख तिसरीच, असं घरोघर सापडतं. पासपोर्टचा अर्ज इथेच अडतो आणि अडला की एजंट 'मी करून देतो' म्हणून शिरतो. साध्या पासपोर्टची सरकारी फी दीड हजार रुपये आहे. कागद आधी जुळवून दिले तर पोराचे पुढचे कितीतरी पैसे वाचतात. दुसरं, ऊसतोडीला जाणाऱ्यांची नोंद ठेवतो तशी परदेशी गेलेल्यांचीही एक वही ग्रामपंचायतीत ठेवता येईल. त्यात पासपोर्ट, व्हिसा आणि कराराची झेरॉक्स, एजंटाचं नाव आणि नोंदणी क्रमांक, मालकाचा पत्ता एवढं पुरे. पोरगा तिकडे अडकला की बाप पहिल्यांदा ग्रामपंचायतीतच येतो, आणि तेव्हा त्याच्याजवळ एजंटाच्या बंद पडलेल्या फोन नंबराशिवाय काही नसतं.

तक्रार असल्यास परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' संकेतस्थळावर नोंदवता येते. प्रवासी भारतीय सहाय्यता केंद्राचा निःशुल्क फोन १८००-११-३०९०. विनानोंदणी भरती करणाऱ्याला कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे, तेव्हा पोलीस ठाण्यात तक्रार देताना १९८३ च्या कायद्याचं नाव घ्यावं. पावती नसेल तर निदान पैसे बँकेतून दिलेले असावेत.