जुनी शिडाची बोट घेताना

समृद्धी महामार्गाने मालेगावहून मुंबई दिवसभरात गाठता येते. तिथे कुटुंबासाठी जुनी शिडाची बोट बघायची तर पावसाळ्यातच जा. तेव्हा बऱ्याच बोटी किनाऱ्यावर चढवलेल्या असतात आणि तळ नीट तपासता येतो. फायबरच्या तळावर फोड आले असतील, त्यातून आंबूस वासाचे पाणी निघत असेल, तर ओल आत मुरली आहे. डोलकाठी ताणून धरणाऱ्या पोलादी तारांचे वय विचाराच. साधारण 10-12 वर्षांनी त्या बदलाव्या लागतात. कापसाचा बोळा तारेवरून फिरवा, तुटलेली तार असेल तिथे तो अडकतो. नव्या रंगाला भुलू नका. इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहा. मालकाने तपासनिसाला हरकत घेतली, तर ती बोट सोडून द्या.