विशिष्ट ग्राहकवर्गाची बाजारपेठ

विशिष्ट ग्राहकवर्गाची बाजारपेठ म्हणजे एखादी नेमकी गरज, आवड किंवा सवय असलेल्या मर्यादित ग्राहकांसाठी चालणारा व्यापार होय. यालाच नीश मार्केट असेही म्हणतात. ऑनलाइन विक्रीत लहान उत्पादकाला सर्वसामान्य मालाच्या स्पर्धेत उतरण्यापेक्षा हा मार्ग बहुधा अधिक लाभदायक ठरतो. गोंदिया जिल्ह्यातील सुवासिक चिन्नोर तांदळाच्या उदाहरणावरून हे तत्त्व समजून घेता येते.

== संकल्पना ==
गावातील दुकानाला फळीवरील जागा आणि पंचक्रोशीतील गिऱ्हाइके यांची मर्यादा असते. क्वचित खपणारा माल ठेवणे दुकानदारास परवडत नाही. ऑनलाइन बाजारात ही दोन्ही बंधने सैल होतात आणि ठिकठिकाणी विखुरलेली थोडी थोडी मागणी एकत्र येते. अमेरिकी पत्रकार क्रिस अँडरसन यांनी ऑक्टोबर २००४ मध्ये ‘वायर्ड’ मासिकात या घटनेस ‘लाँग टेल’, अर्थात ‘लांब शेपूट’, असे नाव दिले. त्याच नावाचे त्यांचे पुस्तक २००६ मध्ये प्रसिद्ध झाले.

== गोंदियातील चिन्नोर ==
१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्याचे प्रमुख पीक धान आहे. शासकीय खरेदीसाठी २०२४-२५ च्या खरीप हंगामात साधारण धानाचा हमीभाव प्रतिक्विंटल २,३०० रुपये, तर ‘अ’ दर्जाच्या धानाचा २,३२० रुपये होता. हा दर्जा दाण्याच्या लांबी-रुंदीच्या प्रमाणावरून ठरतो. सुवासाला त्यात स्थान नाही. चिन्नोरचे उत्पादन सुधारित वाणांपेक्षा कमी येते. त्यामुळे सर्वांना एकच भाव देणाऱ्या बाजारात तो पिकवणारा शेतकरी तोट्यात राहतो आणि वाण टिकवणे कठीण होते.

याउलट, झाडीपट्टीतून नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस गेलेल्या कुटुंबांना साधा तांदूळ नव्हे, तर चिन्नोरच हवा असतो. एखाद्या शेतकऱ्याकडे दहा क्विंटल तांदूळ आहे असे मानल्यास, वर्षाला ५० किलो घेणारी केवळ २० कुटुंबे त्याला पुरेशी होतात. एका गावात अशी कुटुंबे मिळणार नाहीत. देशभरात ती शोधणे शक्य असते.

== लाभाची कारणे ==
* '''नेमका शोध:''' ‘तांदूळ’ असे शोधणाऱ्यासमोर मोठ्या कंपन्यांचा माल आधी येतो. ‘चिन्नोर’ असे शोधणाऱ्यासमोर विक्रेते मोजकेच असतात आणि त्याचा खरेदीचा हेतू स्पष्ट असतो.
* '''भावाची तुलना कमी:''' सर्वत्र मिळणाऱ्या वस्तूत सर्वांत स्वस्त विक्रेता जिंकतो. दुर्मीळ वस्तूत गुणाला भाव मिळतो व त्यातून वाहतूक खर्चही निघू शकतो.
* '''विश्वास:''' समान आवडीचे ग्राहक परस्परांना माहिती देतात. जाहिरातीवरील खर्च घटतो.

== मर्यादा ==
ग्राहकवर्ग फारच लहान असल्यास खर्चही निघत नाही. हार्वर्डमधील प्राध्यापिका अनिता एल्बर्स यांनी २००८ मध्ये दाखवून दिले की, ऑनलाइन संगीत व चित्रपटांच्या बाजारातही बहुतांश विक्री मोजक्या लोकप्रिय कृतींचीच होते. म्हणजेच दुर्मीळ माल उपलब्ध असणे पुरेसे नाही. तो ज्यांना हवा आहे त्यांच्यापर्यंत पोहोचणे आवश्यक असते.

नावाची विश्वासार्हता हाही महत्त्वाचा प्रश्न आहे. चिन्नोरच्या नावाखाली दुसरा तांदूळ विकला गेल्यास प्रामाणिक उत्पादकाचेही ग्राहक तुटतात. शेजारच्या मध्य प्रदेशातील बालाघाट चिन्नोरला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. असे मानांकन नावास कायद्याचे संरक्षण देते. मात्र ठरलेल्या क्षेत्राबाहेरील उत्पादकास ते नाव वापरता येत नाही. अशा वेळी वाणाची शुद्धता, कापणीचे वर्ष आणि गावाचे नाव पाकिटावर स्पष्ट नोंदवणे हाच लहान विक्रेत्याचा आधार ठरतो.

== हेही पहा ==
* गोंदिया जिल्हा
* भौगोलिक मानांकन
* किमान आधारभूत किंमत