दही खाऊन भास थांबतात का?

‘पोट सुधारा, मन आपोआप सुधारेल’ असे निरोप पालकांच्या ग्रुपवर हल्ली सारखे फिरतात. सायकोसिसच्या बाबतीत यात किती तथ्य आहे ते बघू. सायकोसिस म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, कोणीतरी आपल्या वाईटावर आहे असं ठाम वाटणं. तो बहुतेकदा बारावी-कॉलेजच्या वयात किंवा विशीत डोकं वर काढतो.

आतड्यात अब्जावधी जिवाणू असतात. त्यांनी तयार केलेली रसायनं रक्त, प्रतिकारशक्ती आणि पोटाला मेंदूशी जोडणारी व्हेगस नस यांच्यामार्फत मेंदूवर परिणाम करू शकतात. फिनलंडच्या संशोधकांनी २०१८ साली सायकोसिसचा पहिलाच झटका आलेल्या २८ रुग्णांच्या शौचाचे नमुने १६ निरोगी माणसांच्या नमुन्यांशी ताडून पाहिले. रुग्णांमध्ये लॅक्टोबॅसिलस गटाचे जिवाणू जास्त निघाले, आणि लक्षणं जितकी तीव्र तितके ते अधिक. गंमत म्हणजे आपल्या दह्यातले जिवाणू याच कुळातले!

मग दह्यानं आजार होतो का? तसं मुळीच नाही. माणूस आजारी पडला की जेवण, झोप बदलते, औषधं सुरू होतात, आणि त्यानंही जिवाणू बदलतात. आधी काय बदललं, हे अशा मोजणीतून कळत नाही. २०१९ साली चीनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचे जिवाणू जंतुविरहित उंदरांत सोडले, तेव्हा उंदरांचं वागणं बदललं. म्हणजे धागा आहे. पण उंदराला आवाज ऐकू येतात का, हे विचारणार कसं?

शिवाय पोटापोटात फरक असतो. धान्य-डाळींवर वाढलेल्या भारतीयांच्या आतड्यात प्रीव्होटेला हा जिवाणू भरपूर आढळतो. पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात भारतीयांच्या अशा जिवाणूंवर बरीच वर्षं काम झालंय. फिनलंडचा निष्कर्ष भाकरी-आमटी खाणाऱ्या मुलाला जसाच्या तसा कसा लावणार?

खरी भीती वेळ वाया जाण्याची आहे. उपचार जितके उशिरा सुरू होतात तितकं सावरणं कठीण जातं, हे अनेक देशांत दिसलंय. मुलाला दही-ताक खुशाल द्या, पण ‘आधी दोन महिने प्रोबायोटिक देऊन बघू’ असं करू नका. मूल एकटं एकटं राहू लागलं, विनाकारण संशय घेऊ लागलं, अभ्यास अचानक सुटला, तर थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. सुरू असलेली गोळी तर मनानं कधीच बंद करू नका. नेमकं कुठं जावं हे सुचत नसेल, तर सरकारच्या टेली-मानसला १४४१६ वर फोन करा. फोन मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.