समोर दिसलं म्हणून जवळ नसतं

मालवणला निघालेले पर्यटक कट्ट्याच्या बाजारात गाडी थांबवतात आणि हमखास विचारतात, 'देवबाग बेटावर जायला बोट कुठून मिळेल?' देवबाग बेट नाही. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी, असं ते गाव आहे. उत्तरेला ही पट्टी तारकर्लीला जोडलेली असल्यानं मालवणातून एसटी थेट गावात जाते.

होडी लागते ती त्यापुढे. देवबागच्या टोकावरून भोगव्याचे माड स्पष्ट दिसतात, म्हणून 'गाडीनं पाच मिनिटांत जाऊ' असा हिशेब मांडला जातो. पण भोगवे वेंगुर्ले तालुक्यात, आणि कर्लीच्या मुखावर पूल नाही. गाडीला उलटं मालवण गाठून चौके, धामापूर, काळसे करत नेरूरपारच्या पुलावरून नदी ओलांडावी लागते आणि परुळ्याकडून पुन्हा समुद्राकडे यावं लागतं. होडीवाले सांगतात ते खोटं नाही: "होडयेन धा मिनटां, गाडयेन गेलात तर जेवणाचो टाइम टळतलो." ९ ऑक्टोबर २०२१ला सुरू झालेला चिपी विमानतळही पलीकडच्याच काठावर आहे. 'मालवणात उतरलो' समजणाऱ्यांनी हा वळसा वेळेत धरावा.

उत्तरेला गड नदीच्या मुखाशी हाच प्रकार. तळाशिलहून सर्जेकोट समोर दिसतं, पण रस्त्यानं आधी तोंडवळीवरून वर जायचं, खाडीवरचा पूल गाठायचा आणि मग खाली यायचं.

पूल इतके आत का, तर मुखाशी पात्र रुंद आणि वाळू सतत सरकती. शिवाय पूर्वी मोठा प्रवास पाण्यानंच व्हायचा. मुंबईची आगबोट मालवण बंदरात लागायची. रस्त्यांचा जमाना आला तेव्हा पाणी आडवं आलं. कसालहून कट्ट्यामार्गे मालवणला येणारा रस्ता कर्ली आणि गड या दोन्ही मोठ्या नद्यांच्या मधून येतो, दोन्हींपैकी एकही ओलांडत नाही. कट्ट्याच्या बाजाराला हीच जागा लाभली. रेल्वेही आतूनच गेली. मालवणला स्टेशन नाही. कुडाळ, सिंधुदुर्ग किंवा कणकवलीला उतरायचं.

'ओहोटीला सिंधुदुर्ग किल्ल्यावर चालत जाता येतं' हेही अर्धवट ऐकलेलं. चालत जाता येतं ते पद्मगडावर, तेही चांगली ओहोटी असताना. सिंधुदुर्गावर होडीनंच जावं लागतं. किल्ला ओसाडही नाही. काही कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहतात, दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी गोड्या पाण्याच्या आहेत, आणि पावसाळ्यात पर्यटकांच्या होड्या बंद झाल्या की घरात आधीच भरलेल्या सामानावर भागवावं लागतं.

देवबागजवळचं 'त्सुनामी आयलंड' २००४च्या लाटेनं वर आलं, ही कथा पर्यटकांना आवडते. पण नदीचा गाळ आणि भरती-ओहोटी मिळूनच मुखाशी असे वाळूचे पट्टे घडवतात आणि मोडतातही. भरतीला तिथे पाणी चढतं. तेव्हा पोरांना घेऊन उतरण्याआधी होडीवाल्याला भरतीची वेळ विचारा आणि तो सांगेल तेव्हा परत फिरा.